अंगावरचा शर्ट, खिशातलं कार्ड

"गोल धरला न्हाई, मग कार्ड कसं काय धरलं?"

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच सुटली की गर्दी सरळ घरी जात नाही. ती पेठेतल्या कट्ट्यांवर, तालमींच्या दारात, चहाच्या गाड्यांभोवती पांगते आणि मॅच पुन्हा पहिल्यापासून खेळते. वरचा प्रश्न अशाच एका गाड्यावर ऐकलेला. पोरानं गोल मारला, कोपऱ्याकडं धावत सुटला, धावता धावता शर्ट काढून डोक्यावर गरगर फिरवला, आणि मागं वळून बघतो तर लाइनमनचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल तर गेलाच, वर रेफ्रीनं पिवळं कार्ड दाखवलं. त्याच्या बाजूच्या पोरांचं म्हणणं, गोलच नाही तर जल्लोष कसला आणि शिक्षा कशाची? गाड्याच्या कडेला बशीतनं चहा पिणाऱ्या एका काकांनी निकाल दिला : "गोल न्हवता रं, पण शर्ट तर निघाला होता की!"

काकांनी नियमाचं पुस्तक वाचलं असेल की नाही कोण जाणे, पण त्यात नेमकं हेच लिहिलंय. फुटबॉलचे नियम ठरवणारी इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ही संस्था १८८६ सालची, म्हणजे फिफाहूनही जुनी. तिच्या सतरा नियमांतल्या बाराव्या नियमात, फाउल आणि गैरवर्तनाच्या प्रकरणात, गोलनंतरच्या जल्लोषाचा छोटासा भाग आहे. गोल रद्द झाला तरी कार्ड द्यायचंच, हे तिथं २०१९च्या सुधारणेत स्पष्ट लिहिलं गेलं. तोवर वाद घालायला निदान जागा होती.

त्या भागात चारच गोष्टींना हमखास पिवळं कार्ड आहे. कुंपणावर चढणं किंवा सुरक्षेचा प्रश्न उभा राहील अशा रीतीनं प्रेक्षकांपाशी जाणं. चिथावणारे, खिजवणारे हावभाव करणं. तोंडावर मुखवटा किंवा तसलं काही चढवणं. आणि शर्ट काढणं किंवा त्यानं डोकं झाकणं. बाकी नाचा, लोळा, गुडघ्यांवर घसरत जा, मिठ्या मारा. मैदानाच्या रेषेबाहेर गेलात तरी तेवढ्यासाठी कार्ड नाही, फक्त लवकर परत या. आधी बसवून आणलेल्या नाचाला नियम उत्तेजन देत नाही, पण त्यात फार वेळ गेला नाही तर अडवतही नाही.

ही यादी मी गाड्यावर सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला तो कोलांटउडीचा. तो पुढं घेतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी विसंगती तिथं आहे. आधी शर्ट.

शर्टावर एवढा राग का, हे फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी पटेल असं कधी सांगितलेलं नाही. २००४ सालापासून शर्ट काढला की कार्ड सक्तीचं झालं. तेव्हा दिलेलं कारण साधारण असं होतं की गोलनंतर शर्ट काढायची काही गरज नसते आणि खेळाडूंनी आनंदाचं असं अतिरेकी प्रदर्शन टाळावं. आनंदाला गरज कसली असते, हे त्यांनाच ठाऊक. जगभरच्या चाहत्यांचा संशय वेगळा आहे : शर्टावर छातीच्या मधोमध प्रायोजकाचं नाव असतं आणि सगळे कॅमेरे गोल मारणाऱ्यावर रोखलेले असतात, नेमक्या त्याच क्षणी शर्ट हातात गोळा झाला तर पैसे देणाऱ्याला काय वाटेल? नियमात हे कुठंही लिहिलेलं नाही आणि लिहितीलही कशाला. वेळ वाया जातो हे कारणही सांगितलं जातं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. २००२च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडच्या दिएगो फोर्लाननं साउथहॅम्प्टनविरुद्ध उशिरा गोल मारून शर्ट काढला. खेळ सुरू झाला तरी त्याला तो परत घालता येईना. मग पठ्ठ्या उघड्या अंगानं, शर्ट मुठीत धरून चेंडूमागं धावत राहिला. ते दृश्य बघून हसू येतं. कुणाचं नुकसान झालेलं दिसत नाही.

या नियमाखाली कार्ड घेतलेल्यांची नावं बघितली तर शरम वाटावी ती नियमाला. ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची अंतिम लढत. जादा वेळेत, ११६व्या मिनिटाला स्पेनच्या आंद्रेस इनिएस्तानं गोल मारला आणि शर्ट काढला. आतल्या बनियनवर दानी हार्केसाठी हातानं लिहिलेला मजकूर होता : तू सदैव आमच्याबरोबर आहेस, अशा अर्थाचा. हार्के हा एस्पान्योलचा कप्तान. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो अचानक गेला होता. एस्पान्योल आणि इनिएस्ताचा बार्सिलोना हे एकाच शहरातले वैरी क्लब. देशाला पहिला विश्वचषक मिळवून देणारा गोल मारल्यावर त्याला आठवला तो वैऱ्याच्या संघातला गेलेला मित्र. रेफ्री हॉवर्ड वेबनं नियमाप्रमाणं पिवळं कार्ड दाखवलं. दुसरं काही करायची त्याला मुभाच नव्हती.

मुभा नसतानाही माणूस काय करू शकतो, ते बघायचं तर २ डिसेंबर २०२२ची मॅच बघावी. कतारच्या लुसैल स्टेडियमवर कॅमेरून विरुद्ध ब्राझील. भरपाई वेळेत व्हिन्सेंट अबुबकरनं डोक्यानं गोल मारला. विश्वचषकात ब्राझीलला हरवण्याची वेळ, कॅमेरूनचा कप्तान, हातून शर्ट निघणारच. पण त्याच्या नावावर आधीचं एक पिवळं कार्ड होतं. अमेरिकेचा रेफ्री इस्माईल एलफात हसत हसत त्याच्यापाशी गेला, हात मिळवला, डोक्यावरून मायेनं हात फिरवला आणि मग खिशातनं पिवळं, पाठोपाठ लाल कार्ड काढलं. अबुबकरही हसत बाहेर गेला. कॅमेरून एक-शून्यनं जिंकलं, तरी स्पर्धेतनं बाद झालं. खुळा नियम शहाणपणानं कसा पाळावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडच्या रेफ्रींच्या शिबिरांत ती अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दाखवायला हरकत नाही.

"म्हंजी शर्ट वर केला तरी कार्ड?" हा पोटप्रश्न. नुसता वर उचलला तर नाही; डोक्यावरून घेतला किंवा डोकं झाकलं तर आहे. नव्वदच्या दशकात इटलीचा फाब्रित्सिओ रावानेल्ली गोल मारला की शर्ट डोक्यावर ओढून आंधळ्यासारखा धावायचा; आजच्या नियमात त्याचं निम्मं करिअर पिवळं झालं असतं. उलट जून २०२३मध्ये भुवनेश्वरला वानुआतूविरुद्ध ८१व्या मिनिटाला विजयी गोल मारल्यावर सुनील छेत्रीनं चेंडू शर्टाच्या आत, पोटाशी धरला आणि घरी बाळ येणार असल्याची बातमी देशाला दिली. शर्ट अंगावर, डोकं उघडं, कार्डाचा विषयच नाही. बाळांचा हा जल्लोष जुना आहे. १९९४च्या विश्वचषकात डॅलसला नेदरलँड्सविरुद्ध गोल मारून बेबेतोनं हातांचा पाळणा केला होता. दोन्ही बाजूंना दोन साथीदार उभे राहून झोके देत होते. त्या पाळण्यातला मातेउस पुढं स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू झाला.

शर्टाचा नियम सोडून द्या, हे माझं मत. पण कुंपणाचा आणि चिथावणीचा नियम म्हटला की मी पार्टी बदलतो, आणि ते कोल्हापूरमुळं.

इथला फुटबॉल तालमींचा आहे. ज्या तालमींच्या लाल मातीत पैलवान घडले, त्यांच्याच नावानं संघ उतरतात : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. छत्रपती घराण्याचा आश्रय या खेळाला पहिल्यापासून आहे आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग हा शहराचा हिवाळी सण असतो. विश्वचषकाच्या महिन्यात चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे फलक उभे राहतात. पण मेस्सीसाठी इथं कुणी कुणाशी कायमचं बोलणं टाकत नाही. तालमीसाठी टाकतात. गोल मारणारा पोरगा हा गल्लीतला असतो, त्याचा चुलता स्टँडात असतो, आणि समोरच्या स्टँडात त्याच्या बरोबर कॉलेजला जाणारा दोस्त असतो.

अशा मैदानावर गोलनंतर उजवीकडं धावायचं की डावीकडं, हा साधा प्रश्न राहत नाही. आपल्या समर्थकांकडं धावला तर गुलाल, हलगी, शिट्ट्या. समोरच्या समर्थकांपुढं जाऊन कानाला हात लावला, ओठांवर बोट ठेवलं, की पाण्याच्या बाटल्या यायला वेळ लागत नाही. हुल्लडबाजीमुळं इथं सामने थांबलेत, स्पर्धा अडकल्यात, पोलिसांना आत यावं लागलंय. स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानाला 'हुल्लडबाजी' हा शब्द चांगला ओळखीचा आहे. प्रत्येक वेळी कारण जल्लोषच असतं असं नाही, रेफ्रीचा निर्णयही असतो, जुनी खुन्नसही असते. पण ठिणगी पडायला दोन सेकंदांचा हावभाव पुरतो.

"त्यो बोट दावून गेला, म्हणून आमची पोरं उठली," असं एकानं सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं : "बोट दावलं तर दावलं. गोल मारलाय त्यानं. तुमास्नी लागलं तर तुमी पण मारा की गोल." नियमाला दोघांतलं पहिलं पटतं. मलाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकायला झकास आहे, पण बाटली डोक्यात बसते ती बोट दाखवणाऱ्याच्या नव्हे, कडेला उभ्या असलेल्या चेंडू आणून देणाऱ्या पोराच्या.

चिथावणी म्हणजे नक्की काय, हे मात्र नियम सांगत नाही, आणि सांगू शकतही नाही. २२ जून २०१८ला कालिनिनग्राडला स्वित्झर्लंडनं सर्बियाला २-१ हरवलं. गोल मारल्यावर ग्रानित शाका आणि झेरदान शाकिरी या दोघांनी दोन्ही तळवे छातीशी एकमेकांत गुंफून पंख केले. अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड. दोघांची घराणी कोसोवोतल्या अल्बेनियन वंशाची. सर्बियाशी झालेल्या युद्धाची आठवण त्या घरांत ताजी. कोल्हापुरातल्या किंवा मुंबईतल्या प्रेक्षकाला ती हातांनी केलेली पाखराची सावली वाटली असेल. सर्बियन प्रेक्षकाच्या काळजाला ती थेट लागली. फिफानं दोघांना प्रत्येकी दहा हजार स्विस फ्रँकचा दंड केला, सामनाबंदी घातली नाही. २०२४च्या युरोमध्ये लाइपझिगला ऑस्ट्रियाविरुद्ध गोल मारून तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालनं लांडग्याच्या तोंडासारखी बोटं केली, तर युएफानं त्याला दोन सामने बसवलं. ती खूण तिथल्या कडव्या राष्ट्रवादी गटाशी जोडली जाते. गरुडाला दंड आणि लांडग्याला बंदी का, याचं उत्तर नियमपुस्तकात सापडणार नाही. ते इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं आणि तिथंही एकमत नसतं. त्या मानानं आमच्या पेठांच्या खुणा रेफ्रीला वाचायला सोप्या. तो बहुतेक वेळा याच गावचा असतो.

कुंपणावर चढण्याच्या नियमामागं माणसाचा जीव आहे. प्रेक्षक पुढं रेटतात, जाळी वाकते, खाली उभा असलेला चेंगरतो. चढणाऱ्याचंही काही खरं नसतं. ५ डिसेंबर २००४ला स्वित्झर्लंडमध्ये सर्व्हेतचा पाउलो डिओगो, त्यानं दिलेल्या पासवर गोल झाला म्हणून, कुंपणावर चढला. नुकतंच लग्न झालेलं. अंगठी जाळीत अडकली, त्यानं खाली उडी मारली आणि बोटाचा बराचसा भाग अंगठीबरोबर वरच राहिला. तो कळवळत असताना रेफ्रीनं त्याला जल्लोष लांबवल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. कार्ड नियमाला धरून होतं. ही गोष्ट सांगितल्यावर गाड्यावरच्या दोघांनी आपापल्या अंगठ्या फिरवून बघितल्या.

आणि आता कोलांटउडी.

पीटर बियाकसांगझुआला हा मिझोरमचा तेवीस वर्षांचा खेळाडू. ऑक्टोबर २०१४मध्ये मिझोरम प्रीमियर लीगमध्ये बेथलेहेम वेंगथ्लांगकडून खेळताना त्यानं चानमारी वेस्टविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि आनंदानं हवेत उलटी उडी घेतली. उतरताना मान आणि पाठीवर पडला. मणक्यातल्या मज्जारज्जूला जबर इजा झाली. पाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला तो गेला. त्याचे डोळे दान करण्यात आले आणि क्लबनं त्याचा २१ नंबरचा शर्ट निवृत्त केला.

चार महिन्यांपूर्वीच ब्राझीलच्या विश्वचषकात छत्तिसाव्या वर्षी मिरोस्लाव क्लोजेनं घानाविरुद्ध गोल मारून तीच उडी घेतली होती आणि उतरताना तोल जाऊन खाली बसला होता. जग हसलं होतं, कौतुकानं. नायजेरियाचा ज्युलियस अघाहोवा २००२मध्ये एकामागून एक उड्या मारत गेला, पोर्तुगालच्या नानीच्या उड्या पोस्टरांवर आल्या. शर्ट काढणाऱ्याला कार्ड आणि मान मोडू शकेल अशी उडी घेणाऱ्याला टाळ्या, हे आजही तसंच आहे. नियमात उडीचा उल्लेख नाही. 'अतिरेक नको' एवढं एक वाक्य आहे. त्याच्या आधारे रेफ्री उडीला कार्ड देताना मी तरी पाहिलेला नाही.

हे असं का, याचा विचार केला तर मला एकच उत्तर दिसतं. जल्लोषाचे नियम खेळाडूसाठी लिहिलेलेच नाहीत. ते प्रेक्षकासाठी, घड्याळासाठी आणि पडद्यासाठी लिहिलेत. खेळाडूच्या बाजूला कुंपण आलं, समोर गर्दी आली, घड्याळ पुढं सरकलं की नियम जागा होतो. एकटा खेळाडू गवतावर काय करतो आणि कसा पडतो, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उडीवर बंदी घालावी का? गाड्यावर यावर चांगलं जुंपलं. एकजण म्हणाला, "शाळेत जिम्नॅस्टिक शिकलेला पोरगा मारतोय, त्याला का अडवायचं?" त्यावर आधीच्या काकांचा सवाल, की शिकलेला कोण आणि मोबाइलवर बघून मारणारा कोण, हे रेफ्रीनं कसं ओळखायचं. मला वाटतं, हे काम कार्डाचं नाही, प्रशिक्षकाचं आहे. आमच्या मैदानांचं गवत कुठं हिरवं आणि कुठं टणक, हे त्याला माहीत असतं, नियम करणाऱ्यांना नाही.

घड्याळाचं निदान आता स्वच्छ झालंय. कतारच्या विश्वचषकात भरपाई वेळ दहा-दहा मिनिटांवर जायला लागली तेव्हा घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांनी कपाळाला हात लावला. पण जल्लोषात गेलेला वेळ मोजून परत द्यायचा, असं रेफ्रींना तिथं सांगितलेलं होतं. २०२३च्या सुधारणेत तर 'गोलनंतरचा जल्लोष' हे भरपाईचं कारण म्हणून सातव्या नियमात वेगळं नोंदलं गेलं. म्हणजे कोपऱ्यात झेंड्याशी नाचून मिनिट खाण्याचा डाव आता जमत नाही. १९९०मध्ये अडतीस वर्षांच्या रॉजर मिलानं कॅमेरूनसाठी चार गोल मारून त्या झेंड्याला कायमचं प्रसिद्ध केलं. त्याचा नाच डाव नव्हता.

सगळ्या जगात पसरलेली एक समजूत कोल्हापुरातही भेटली : गोल मारलेल्या संघाचे अकराच्या अकरा खेळाडू जल्लोषाला रेषेबाहेर गेले, तर समोरच्यानं गुपचूप सेंटर करून चेंडू रिकाम्या गोलात मारायचा. म्हणून म्हणे एकानं तरी आत थांबायचं असतं. ऐकायला बुद्धिबळाच्या चालीसारखं वाटतं, पण तसं काही नाही. मध्यावरून खेळ सुरू करायचा तर चेंडू मारणारा सोडून दोन्ही संघांचे सगळे खेळाडू आपापल्या अर्ध्यात असावे लागतात आणि रेफ्रीनं इशारा द्यावा लागतो. बाहेर गेलेला माणूस आपल्या अर्ध्यात नसतो, आणि शुद्धीवरचा रेफ्री तेव्हा शिट्टी वाजवत नाही. २०१८च्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाच्या खेळाडूंनी जादा वेळेतल्या गोलनंतर मैदानाबाहेर बसलेल्या युरी कोर्तेस या छायाचित्रकाराच्या अंगावर ढीग केला. तो खालूनही फोटो काढत राहिला आणि एका खेळाडूनं त्याचा मुकाही घेतला. तेवढा वेळ इंग्लंडला थांबावंच लागलं.

आत येणाऱ्यांचा नियम याहून गमतीचा आहे. १८ डिसेंबर २०२२ची अंतिम लढत. १०८व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. चेंडू रेषा ओलांडत होता त्याच सुमारास अर्जेंटिनाच्या राखीव खेळाडूंनी आनंदानं मैदानात पाय टाकलेले. फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकानं नियम दाखवला : गोल मारणाऱ्या संघाचा जादा माणूस त्या क्षणी मैदानात असेल तर गोल रद्द. नियम खरोखरच तसा होता. पोलंडचे रेफ्री शिमॉन मार्चिनियाक यांनी पत्रकारांसमोर खिशातनं मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला : एमबापेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात राखीव खेळाडू मैदानात! पुढं २०२३मध्ये नियमच सुधारला. आत आलेल्या माणसाचा खेळावर काही परिणाम झाला असेल तरच त्याची दखल घ्यायची. कोल्हापूरच्या गाड्यावर या कथेला सगळ्यात मोठी दाद मिळाली. रेफ्रीनं पुरावा मोबाइलमध्ये ठेवला, याची.

पण चाहत्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त नियम ऐकू येतात ते पुस्तकात नसलेले. जुन्या संघाविरुद्ध गोल मारला तर हात वर करायचे नाहीत. पाच गोलांनी मागं असताना मारलेल्या गोलावर नाचायचं नाही. चेंडू काखेत मारून मध्यावर धावायचं. मृत्यू झालेल्या घरचा पोरगा समोरच्या संघात असेल तर त्या दिवशी हलगी नाही. यातला शेवटचा नियम मी कोल्हापूरबाहेर ऐकलेला नाही. पहिल्याचा मूळपुरुष म्हणून डेनिस लॉचं नाव घेतात. २७ एप्रिल १९७४ला मँचेस्टर सिटीकडून खेळताना त्यानं आपल्या जुन्या युनायटेडविरुद्ध टाचेनं गोल मारला आणि मान खाली घालून चालू लागला. त्याच गोलनं युनायटेड खालच्या विभागात गेली ही दंतकथा. इतर निकाल असे होते की ती नाहीतरी जाणारच होती. गब्रिएल बातिस्तुता तर २०००मध्ये रोमाकडून फिओरेन्टिनाविरुद्ध गोल मारून रडला. याच्या दुसऱ्या टोकाला एमान्युएल अदेबायोर : सप्टेंबर २००९मध्ये सिटीकडून गोल मारल्यावर तो अख्खं मैदान धावत ओलांडून गेला आणि आर्सेनलच्या, म्हणजे आपल्या जुन्या संघाच्या, चाहत्यांसमोर गुडघ्यांवर घसरला. त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि पुढं दंडही झाला. कोल्हापुरात दरवर्षी संघ बदलणारे खेळाडू असतात. त्यांनी काय करावं? "ज्याच्या पैशानं खेळतोय त्याच्यासाठी नाचावं," असं तरुण पोरांचं मत पडलं. म्हाताऱ्यांना ते पटलं नाही, पण त्यांनीही फार ताणलं नाही.

जल्लोषात भान जातं, ही प्रशिक्षकांची कायमची तक्रार. ९ ऑक्टोबर २०१७ची दिल्लीतली मॅच आठवा. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून पहिला गोल झाला. जिक्सन सिंगनं ८२व्या मिनिटाला कोलंबियाविरुद्ध डोक्यानं मारलेला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारला आणि मॅच २-१ गेली. त्या भारतीय संघात आमचा अनिकेत जाधव होता, त्यामुळं कोल्हापुरात ही जखम जरा जास्तच खोल आहे. फातोर्ड्यावर २० डिसेंबर २०१५ला आयएसएलच्या अंतिम लढतीत गोव्यानं ८७व्या मिनिटाला आघाडी घेतली तेव्हा गोंयकारांनीही फटाके तयार ठेवले असतील. चेन्नईनं पुढच्या पाच-सहा मिनिटांत दोन गोल करून करंडक उचलला. पण म्हणून नाचायचंच नाही का? जिक्सनचा गोल देशाला आठवतो तो त्या एका मिनिटामुळं. निकाल विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही.

गाड्यावाल्यानं स्टोव्ह बंद केला तरी एक प्रश्न उरलाच होता, टायब्रेकरचा. १० जुलै १९९९ला पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या ब्रँडी चेस्टेननं चीनविरुद्ध विश्वचषकाची शेवटची पेनल्टी मारली, शर्ट काढून गुडघ्यांवर बसली, आणि तो फोटो बायकांच्या फुटबॉलची ओळख होऊन बसला. आज तशीच पेनल्टी मारून कुणी शर्ट काढला तर? समजा त्या खेळाडूला मॅचमध्ये आधीच एक पिवळं कार्ड मिळालेलं असेल. मग दुसरं पिवळं, म्हणजे लाल? तर नाही. २०२२च्या सुधारणेनुसार मॅचमधली पिवळी कार्डं टायब्रेकरमध्ये पुढं धरत नाहीत. तिथं पाटी कोरी. दोन कार्डांची नोंद होते, पण माणूस बाहेर जात नाही.

हे ऐकून दिलबहारचा शर्ट घातलेल्या पोरानं हिशोब मांडला : "म्हंजी एक कार्ड असंल तर शर्ट काढाय टायब्रेकरपर्यंत थांबायचं."

"थांब की," पाटाकडीलवाला सायकलची घोडी पाडत म्हणाला, "पण त्यासाठी आधी मॅच बरोबरीत ठेवाय लागतीया, भावा. आज तुमचं डिफेन्स बघितलंस न्हवं?"